डावीकडचं तिसरं घर

"बाबा झोपलेत गं. जेवले आणि आडवे झाले," मार्लिस फोनवर मुलीला म्हणाली. कारिनशी ती हल्ली जे बोलायची त्यातलं निम्मं खोटं असायचं, पण हे मात्र खरं होतं. ऑरिनला तिनं स्वतः पडदे ओढून झोपवलं होतं.

"मागच्या खेपेलाही झोपलेच होते," सिअॅटलहून कारिन म्हणाली. "मी फोन केला की बाबा नेमके झोपलेले कसे असतात गं आई?"

"ब्याऐंशी वर्षांच्या माणसानं जुलैच्या भर दुपारी इथे दुसरं करायचं तरी काय? टेनिस खेळायचं?"

"उठले की फोन करायला सांग. मी वाट बघतेय."

फोन ठेवून मार्लिस आतल्या खोलीत डोकावली. पलंग रिकामा होता. चादर नीट सारखी केलेली होती आणि पलंगाखालचे बूट नव्हते. न्हाणीघर बघितलं, मागचं अंगण बघितलं, पोहण्याचा हौद तळापर्यंत वाकून बघितला. हौदात कुणी नव्हतं. मग तिनं गॅरेजमध्ये जायचं दार उघडलं. गोल्फगाडी जागेवर नव्हती. चार्जरची वायर भिंतीला लोंबत होती आणि गॅरेजचं मोठं दार व्यवस्थित बंद केलेलं होतं. ऑरिनची गवताची टोपी खुंटाळ्यावर तशीच होती. पाण्याची बाटली ओट्यावर.

गोल्फगाडीची किल्ली ती रोज ओव्हनच्या हातमोज्यात लपवायची. आज सकाळी बाहेरगावी गेलेल्यांची घरं बघायच्या फेरीवरून आली आणि किल्ली गाडीलाच विसरली. विसरली ती मार्लिस, जी गेली दीड वर्षं या घरात दोघांच्या वाटचं लक्षात ठेवत होती.

मिराडोर वेल्स या वाळवंटातल्या, निवृत्त लोकांच्या वसाहतीत म्हातारं व्हायला काही हरकत नाही. सगळेच झालेत. कुणाचा खुबा बदललाय, कुणाच्या हृदयात नळ्या घातल्यात, आणि त्याच्या सुरस कथा क्लबात सूप संपायच्या आत सांगून होतात. विसरायला लागणं मात्र त्या गावात चालत नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. पण नेड आमुंडसेन पत्ते खेळता खेळता स्वतःच्या बायकोला "तुमची ओळख नाही झाली" असं म्हणाला, आणि महिन्याभरात तो "मुलांजवळ राहायला" गेला. क्लबातल्या त्याच्या कपाटावरची पितळी पाटी निघाली. पुढच्या मंगळवारी त्याच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं आणि नेडचं नाव परत कुणी काढलं नाही. त्या मंगळवारी मार्लिस त्याच टेबलावर होती. तिनंही काढलं नाही.

म्हणूनच डॉक्टरांनी उच्चारलेला तो शब्द तिनं आजवर घराबाहेर जाऊ दिला नव्हता. जेवणाच्या टेबलावर ऑरिन अडखळला की ती त्याचं वाक्य पुरं करी, लोक हसत, वेळ निभावून जाई. कारिनला कळलं तर ती पहिल्या विमानानं येईल आणि बापाला कुठल्यातरी 'छान जागी' ठेवेल, हे मार्लिसला पक्कं ठाऊक होतं. चोपन्न वर्षांचा संसार. ती त्याला तसं जाऊ देणार नव्हती.

तिनं ओव्हनचे हातमोजे घातले आणि मोटार काढली. उन्हाळ्यात मिराडोर वेल्समधले सगळेच ते घालून गाडी चालवतात, नाहीतर तापलेल्या स्टिअरिंगला तळहात चिकटतात.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एप्रिल संपला की निम्म्याहून जास्त गाव कॅनडाला नाहीतर मिनेसोटाला पळतं. उरतात ते आळशी, हट्टी, नाहीतर मार्लिससारखे, ज्यांना विमानतळावर नवरा कुठे जाईल याची खात्री नसते. दोन्ही बाजूंनी एकसारखी बसकी घरं, वाळूच्या रंगाची, खाली ओढलेले पडदे, सगळी गॅरेजं बंद. गॅरेजचं दार उघडं दिसलं की वसाहतीची समिती दंड करते. ऑरिन नातवांची नावं विसरला होता, पण दार बंद करायला आजही विसरला नव्हता.

"कुठे गेलास रे शहाण्या," ती स्वतःशीच पुटपुटली. "सांगून तरी जायचंस."

क्लबाला कुलूप होतं. ती गोल्फच्या पहिल्या मैदानाच्या कडेनं गेली, दुसऱ्या मैदानाच्या तळ्याशी उतरली. पाण्याशी कुणी नव्हतं. त्या मिनिटभरात तिच्या नाकपुड्या भाजल्यासारख्या झाल्या आणि चपलेचा रबरी तळ डांबराला चिकटू लागला. ऑरिन टोपीशिवाय निघालाय, पाण्याशिवाय निघालाय. किती वेळ झाला असेल? कारिनशी ती बराच वेळ बोलत होती. त्याआधी भांडी घासली होती. त्याआधी वर्तमानपत्र वाचता वाचता तिचा डोळा लागला होता.

फाटकावरच्या चौकीत पहारेकरी रामिरो होता. त्यानं खिडकी सरकवली.

"काय ट्वेट मॅडम, या उन्हात?"

"ऑरिन इकडून बाहेर गेला का रे? गोल्फगाडी घेऊन?"

"नाही हो. दुपारपासून फक्त टपालाची गाडी आली न् गेली. का? काही झालंय का?"

बस, एवढाच क्षण होता. तोंड उघडायचं आणि सांगून टाकायचं. रामिरोनं फोन उचलला असता, दोन मिनिटांत त्याची माणसं गल्लीगल्लीत फिरली असती.

"छे रे, कसलं काय! टोपी विसरून गेलाय, ती द्यायला निघाले," मार्लिस म्हणाली आणि वर हसलीसुद्धा.

"साहेबांना सांगा, आजचं ऊन साधं नाही."

"सांगते ना."

मोटार वळवताना तिला स्वतःची किळस आली. पण एक गोष्ट तर कळली होती, ऑरिन वसाहतीच्या भिंतीच्या आत आहे. आत आहे म्हणजे सापडणार. असं मनाला बजावत ती एकेक गल्ली घेऊ लागली. सगळ्या गल्ल्या वाळवंटी झाडाझुडपांच्या नावाच्या, पुढे बंद होणाऱ्या, शेवटी गोल चक्कर आणि मधोमध तीन खजूर. शिरायचं, वळायचं, बाहेर यायचं. सेजची गल्ली, ओकोटियोची गल्ली, त्यांची स्वतःची मेस्कीटची गल्ली, पुढची, त्याच्या पुढची. डोळे पांढरी गोल्फगाडी शोधत होते. एखाद्या कुंपणाच्या सावलीत, एखाद्या झुडपाआड ती उभी असेल आणि आत तो बसलेला असेल, तिला बघून हात हलवेल. फोन वाजला.

"उठले का बाबा?" कारिन.

"नाही अजून."

"आई, तू गाडीत आहेस का? आवाज येतोय."

"दूध संपलं होतं."

"बाबांना एकटं ठेवून गेलीस?"

"झोपलेत ना ते! कारिन, मी ठेवते आता."

त्याच गल्लीच्या तोंडाशी, कण्हेरीच्या बुडाशी एक पारवा पडला होता. पंख पसरलेले, चोच उघडी. गळा धडधडत होता, म्हणजे जीव होता अजून. मार्लिस मोटार थांबवून त्याच्याकडे बघत राहिली. नक्की काय वाचवत होती ती? क्लबातली पाटी? मंगळवारची खुर्ची? ती त्याची अब्रू झाकत गावभर फिरत होती आणि तो कुठेतरी असाच तोंड उघडून पडला असेल. तिला रडू फुटलं. मग तिनं मोटार बर्नीस ओल्डमच्या दाराशी नेली.

या गावात ज्या एका बाईला काही कळू नये असं तिला वाटत होतं, ती बर्नीस. रंग समितीची अध्यक्ष. कुणाचा दरवाजा मंजूर छटेहून जरा उजळ दिसला तरी हिची चिठ्ठी दारात हजर. बर्नीसनं दार उघडलं, चष्मा कपाळावर, हातात चित्रकोड्याचा तुकडा.

"हे काय गं? डोळे का असे?"

"ऑरिन सापडत नाहीये. गाडी घेऊन गेलाय. टोपी नाही, पाणी नाही." आणि मग ते वाक्य आलं. "त्याला कळत नाही बर्नीस. दीड वर्ष झालं. त्याला काही आठवत नाही."

बर्नीसनं तुकडा खिशात टाकला. फोन उचलला, आधी रुग्णवाहिकेला सांगितलं, मग रामिरोला. "ऐक, ट्वेट साहेब हरवलेत. हो, हरवलेत. विसरतात ते. सगळ्यांना बाहेर काढ, मैदानं बघा, तळी बघा." दोन वाक्यांत तिनं ते सगळं उघड्यावर मांडलं, जे लपवायला मार्लिसनं दीड वर्ष घालवलं होतं. मग फ्रिजमधून बर्फाची पिशवी आणि ओले टॉवेल काढत ती म्हणाली, "चल. तू चालव, मी बघते. आणि रडायचं नंतर."

"तुला धक्का नाही बसला?"

"क्लबातल्या मार्चच्या जेवणात तुझ्या नवऱ्यानं तेच भाषण दोनदा केलं. आठवतं?"

मार्लिसला कसं आठवणार नाही? ती ओशाळून मेली होती.

"मग आम्ही काय केलं? हसलो ना दोन्ही वेळा? दुसऱ्यांदा जरा जास्तच हसलो," बर्नीस म्हणाली. "अगं, अख्ख्या टेबलाला माहीत आहे. तू बोलत नाहीस म्हणून आम्ही बोलत नाही. डावीकडे घे."

मार्लिसला काय वाटलं ते तिलाही सांगता आलं नसतं. राग आला, लाज वाटली, आणि हेच जर तासाभरापूर्वी केलं असतं तर, हा विचार सगळ्यावर बसला. मोटार पुन्हा त्याच गल्ल्यांतून फिरू लागली. रामिरोची माणसं मैदानावर हाका मारत होती. "ट्वेट साहेब! ओ ट्वेट साहेब!"

"इथून मी गेलेय मघाशी," मार्लिस म्हणाली. "इथूनही. गाडी कुठेच नाही. एवढी मोठी गाडी जाईल कुठे?"

"ही मेस्कीट का?"

"नाही गं, ही पालो व्हर्देची. मेस्कीट मागे राहिली."

"मला अजून गोंधळ होतो," बर्नीस वैतागून म्हणाली. "परवा रात्री जेवून येताना मी शेजारच्या गल्लीत शिरून दुसऱ्याच्याच गॅरेजच्या बटणांवर कुलपाचा आकडा मारला. आणि उघडलं की ते मेलं! सगळ्यांचा आकडा एकच. आपणच ठरवलं ना, क्लब सुरू झाला ते साल ठेवायचं, वेगळा ठेवला तर कुणाच्या..."

ती बोलता बोलता थांबली. मार्लिसनं ब्रेक दाबला होता.

तो हरवला नव्हता. तो फिरून घरी आला होता. गल्लीत शिरायचं, डावीकडचं तिसरं घर आपलं, आकडा दाबायचा, गाडी आत घ्यायची, दंड बसू नये म्हणून दार बंद करायचं. सगळं बिनचूक केलं असणार त्यानं. फक्त गल्ली चुकली. आणि त्या बंद दारासमोरून ती स्वतः गाडी शोधत गेली होती, दोनदा, कदाचित तीनदा.

"खुंट्या!" ती ओरडली. "बर्नीस, माझ्या खुंट्या!"

उन्हाळ्यात गाव सोडून गेलेल्यांची घरं मागे राहिलेल्यांनी बघायची, ही तिथली जुनी रीत. आठवड्यातून एकदा आत जायचं, नळ सोडायचे, विंचू दिसला तर मारायचा. आणि निघताना गोल्फचा चेंडू ठेवतात ती लाकडी खुंटी गॅरेजच्या दाराच्या बुडाशी बाहेरून टेकवून उभी करायची. दार कुणी उघडलं की खुंटी पडते. उभी असेल तर कुणी आलं-गेलं नाही असं समजायचं. या चार गल्ल्या मार्लिसकडे होत्या. आज सकाळीच तिनं खुंट्या लावल्या होत्या.

पालो व्हर्देच्या तिसऱ्या घराशी खुंटी उभी होती. मार्लिसनं मोटार मागे घेतली, कडेच्या दगडांवर चाक चढलं. पुढची गल्ली. तिसरं घर. बर्नीस खिडकीतून अर्धी बाहेर वाकली.

"उभी आहे."

ओकोटियो. कॅलगरीच्या श्रोडर मंडळींचं घर. पडदे ओढलेले, दारापुढच्या कुंडीतलं निवडुंगसुद्धा मार्लिसच्या दारातल्यासारखंच.

"मार्लिस, पडलीये," बर्नीस हळूच म्हणाली.

खुंटी आडवी पडली होती आणि तिच्यावरून चाक गेल्यानं तुकडे झाले होते. मार्लिस धावली. आकड्याच्या बटणांवर हातमोज्याचं बोट पडेना, दोन बटणं एकदम दाबली गेली, लाल दिवा लागला. तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला. बटणं तापलेली होती. पुन्हा दाबला आकडा. दार गुरगुरलं आणि सावकाश वर सरकू लागलं. त्याखालून आलेली झळ पायांना लागली, मग गुडघ्यांना, मग तोंडाला.

आधी गोल्फगाडीची चाकं दिसली. गाडी अगदी सरळ लावलेली होती, श्रोडरांच्या चार्जरला जोडलेली. आणि मागे, घरात जायच्या दाराच्या पायरीवर ऑरिन बसला होता. बूट काढून शेजारी जोडीनं ठेवलेले. घरात वाळू आली की मार्लिस ओरडते, म्हणून. चेहरा लालभडक, घाम पार सुकलेला, डोकं दाराला टेकलेलं. उजवा हात तेवढा हलत होता. बोटांच्या मागच्या बाजूनं तो दारावर टकटक करत होता, इतकं हळू की आवाजही होत नव्हता. बोटांची सालं निघाली होती.

"ऑरिन!"

बर्नीसनं ओला टॉवेल त्याच्या मानेवर टाकला, बर्फ काखेत दाबला. मार्लिसनं त्याच्या ओठांना बाटली लावली. पहिला घोट बाहेर सांडला, दुसरा आत गेला. त्याचे डोळे उघडले, तिच्यावर आले, तिच्यावरून पुढे गेले, परत आले. डुलुथच्या बंदरात चाळीस वर्षं धुक्यातून जहाजं आत आणलेल्या माणसाचे ते निळे डोळे. त्यांत ओळख नव्हती.

"बाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माझी बायको आत आहे. दार उघडत नाहीये. रागावली असेल."

"नाही रागावली. पाणी पी. अजून थोडं."

"तुम्ही जाता का आत? तिला म्हणावं..." तो थांबला. दूरवर फाटकाशी भोंगा ऐकू आला. ऑरिननं तिचं मनगट पकडलं, त्याच्या अंगात उरली होती तेवढ्या ताकदीनं. "नको, काही सांगू नका. मी रस्ता चुकलो हे तिला सांगू नका. तिला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"माझं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले, म्हणजे अंगात अजून पाणी होतं म्हणायचं. "मला समजत नाही हल्ली. कुठलं काय, ते समजत नाही. मी तिला दिसू देत नाही. झोपलोय असं दाखवतो. तिला कळलं तर ती खचेल. एवढं करा बाई माझ्यासाठी."

मार्लिसनं बाटली पुन्हा त्याच्या ओठांना लावली. पडदे ओढलेल्या त्या खोलीत रोज दुपारी डोळे मिटून पडलेला तो, आणि दाराबाहेर फोनवर "झोपलेत गं" म्हणणारी ती. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघं बसून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते. तिला त्याला कवटाळून ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, मी नाही खचले.

रुग्णवाहिका दाराशी थांबली. दोन तरुण माणसं उतरली, त्यांनी ऑरिनला अलगद उचलून स्ट्रेचरवर घेतलं, दंडाला सुई लावली. "नाडी ठीक आहे, आजोबा टणक आहेत," एक जण म्हणाला. "पण न्यायला हवं. नाव काय यांचं?"

"ऑरिन ट्वेट," मार्लिस म्हणाली. "ब्याऐंशी. विस्मरणाचा आजार आहे." आता तिला ते म्हणायला काहीच कठीण गेलं नाही.

"आणि तुम्ही कोण यांच्या?"

ऑरिन स्ट्रेचरवरून तिच्याकडे बघत होता. तिचं मनगट अजून त्याच्या हातात होतं. बर्नीस ओल्डम, जिनं आयुष्यात कुणाचा खोटेपणा खपवून घेतला नाही, टॉवेल पिळत उभी राहिली.

"शेजारीण," मार्लिस म्हणाली.

ऑरिनच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. परक्या बाईनं शब्द पाळला म्हणून तो तिच्याकडे बघून आभार मानल्यासारखं हसला, आणि त्यानं तिचा हात सोडला.